तळहाताएवढी जागा

कोणाच्याही गाडीत बसण्याआधी मी मागच्या चाकापाशी वाकते आणि टायरच्या खाचेत नख घालून बघते. इथे नागपुरात आमच्या सोसायटीत याची भरपूर चेष्टा होते. ह्यांना तर इतकी लाज वाटते की तेवढ्या वेळात ते फोनवर बोलण्याचं सोंग करतात. पण ज्या माणसानं ही खोड मला लावली, त्यानं पहिला धडा देताना माझ्या डोळ्यांदेखत एकाचं थोबाड फोडलं होतं, आणि असा धडा सहसा विसरत नाही. डबीरकाका गेल्याचं मागच्या महिन्यात जबलपूरहून कळलं. झोपेत गेले म्हणे. मला ते पटेना. हा माणूस कोणाची तरी कॉलर धरलेल्या अवस्थेतच जाईल अशी माझी पक्की समजूत होती.

ह्यांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही जबलपूरला गेलो. विजय नगरमध्ये घर मिळालं. सामानाचा ट्रक दारात लागला तेव्हा पाऊस कोसळत होता, आणि शेजारच्या फाटकातून एक उंच, हाडापेरानं दणकट म्हातारा बनियनवर, छत्री न घेता बाहेर आला. मला वाटलं, चला, शेजार चांगला आहे, मदतीला येतोय. म्हातारा थेट ट्रकच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला, टायरवरून हात फिरवला, उठला आणि ड्रायव्हरला शांतपणे विचारलं, "यही पहनाके लाया नागपुर से?" ड्रायव्हर हो म्हणाला. पुढचा आवाज मला त्या पावसातही स्वच्छ ऐकू आला. ड्रायव्हर ट्रकच्या दारावर आपटला, त्याची टोपी नालीत गेली आणि हनुवटीवरून रक्त ओघळायला लागलं. मी किंचाळले असणार, कारण म्हाताऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला धीर दिल्यासारखा हात हलवला. मग त्यानं आमचा फ्रिज पाठीवर घेऊन एकट्यानं आत आणला.

फ्रिज ठेवल्यावर त्यांनी आपला ओला तळहात माझ्या तोंडासमोर धरला. मी मागे सरकले. "घाबरू नका सूनबाई, तुम्हाला कोण मारून राहिलं," ते म्हणाले. "एक टायर रस्त्याला केवढा टेकतो, माहीत आहे? एवढा. फक्त एवढा. सहा टायर, सहा तळहात. तुमचा सारा संसार त्या माणसानं सहा गुळगुळीत तळहातांवर आणला, पावसात." तेवढ्यात त्यांच्या घरून काकू चहाची किटली घेऊन आल्या. एक कप मला, एक ह्यांना, आणि तिसरा, न विचारता, बाहेर ओठाला रुमाल लावून बसलेल्या ड्रायव्हरला. सगळं इतकं सरावानं चाललं होतं की मी ओळखलं, या घरात मारामारीनंतरचा चहा हा रिवाज आहे.

काका लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तयार झालेला ट्रक चालवून बघायचा, खड्ड्यांतून, चढावरून, गुडघाभर पाण्यातून न्यायचा आणि त्यात काय खोट आहे ते सांगायचं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. निवृत्तीनंतर त्यांनी सगळं विजय नगरच चाचणीला घेतलं. समोरून माणूस आला की ते आधी त्याच्या चाकांकडे बघायचे, मग तोंडाकडे. माझा चेहरा लक्षात राहायला त्यांना बरेच महिने लागले, आमच्या गाडीचा डावीकडचा टायर कडेनं झिजतोय हे मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. स्कूटरच्या डिकीत एक टॉमी असायची. टॉमी म्हणजे रिममधून टायर उचकटायची लोखंडी पट्टी. ती काकूंच्या जुन्या परकराच्या तुकड्यात गुंडाळलेली असे. तिचा टायर उचकटण्यासाठी किती उपयोग झाला ते सांगता येत नाही.

पावसाळा त्यांचा हंगाम. त्या दिवसांत ते खूश असायचे आणि त्यांच्यापासून लांब राहणं बरं असायचं. "खाचा कशासाठी असतात? पाणी फेकायला," ते सांगत. "खाच संपली की पाणी खाली अडकतं. मग गाडी रस्त्यावर नाही, पाण्यावर चालते. स्टेअरिंग एकदम हलकं झालं ना, की समजायचं, गाडी आता आपली नाही राहिली." मुसळधार पावसाची त्यांना भीती नव्हती, त्यात लोक आपणच जपून चालवतात. रिमझिमीची होती. आणि राग होता तो त्या नव्या, रुंद, देखण्या टायरांचा, जे बारमाही म्हणून विकतात, उन्हात पळवा, पावसात पळवा, थंडीत पळवा. "बारा महिन्यांचा टायर मंजे बाराही महिने थोडा थोडा कमी पडणारा," काका म्हणत. कोरड्यात तो रस्त्याला असा चिकटतो की माणसाला माज येतो. आणि रुंद असल्यामुळे खाचा झिजल्या की पाण्यावर तरंगतोही तोच आधी. हे सांगताना ते समोरच्याच्या पाठीवर तळहात हाणायचे, समजावं म्हणून.

पण या सगळ्याच्या वर त्यांचा एक कायदा होता. दोनच नवे टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे पुढे, जुने मागे. पुढचं चाक गाडीला वळवतं, पुढचं गेलं की सगळं गेलं. यावर चर्चा नव्हती. कोणी चर्चा केलीच तर ती फार वेळ चालत नसे.

जबलपूरच्याच गढा भागात एका मराठी घरी लग्न होतं, त्याची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. मुलीकडून काका हजर. मुलगी निघाली, सगळ्या बायका रडत होत्या, बाहेर झिमझिम पाऊस, फुलांनी सजवलेली गाडी सागर शहराकडे जायला उभी. वडीलधारे पुढे होऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवत होते. काकांची पाळी आली तर ते खाली वाकले. सगळ्यांना वाटलं, काय पडलं यांचं? ते चाकाशी बसले होते. उठून म्हणाले, या गाडीत पोरगी जाणार नाही. नवरदेवानं आधी हसण्यावारी नेलं. त्याच्या मामांनी काकांना खांद्याला धरून बाजूला ढकललं. काका स्कूटरकडे गेले, परकराचा तुकडा सोडला आणि एका फटक्यात गाडीची मागची काच खाली आणली. मग मामांनी त्यांचा गळा धरला. दोघं मांडवाच्या खांबावर गेले, खांब कलला, कनात चिखलात आली आणि तिच्याखाली दोन म्हातारे एकमेकांना बुकलत राहिले. मामा काकांच्या हाताला कडकडून चावले, तो व्रण शेवटपर्यंत होता. नवरदेव सोडवायला गेला तर त्याच्या तोंडावर, सगळ्या वऱ्हाडासमोर, काकांची एक बसली. नवरी मुलगी रडायची थांबून बघत होती.

शेवटी दुकान उघडायला लावून दोन नवे टायर आणले. काकांनी स्वतः, हातातून रक्त गळत असताना, ते पुढे चढवले. मग हात धुतले आणि मुलीच्या डोक्यावर ठेवले. नवरदेव गाल धरून उभा होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात आणि मीही सांगते. दुसरी सांगताना हसू येत नाही. मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचा एक ड्रायव्हर होता, भैयालाल. त्याच्या व्हॅनचे पुढचे टायर घासलेले दिसले म्हणून काकांनी त्याला भर रस्त्यात, पोरं व्हॅनमधून बघत असताना, कानाखाली हाणली. पोरं रडायला लागली. भैयालालनं दुसऱ्या दिवशी मागचे टायर पुढे लावले, पण त्याच्या त्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं पुन्हा ऐकू आलं नाही. ठाण्यात गेलं प्रकरण, मिटलं. मला त्या वेळी काकांचा इतका संताप आला होता की कित्येक दिवस मी त्यांच्या फाटकाकडे पाहिलं नाही. लोक त्यांना घाबरत आणि लोक त्यांना मानत, आणि या दोन्हींत फरक आहे हे त्यांना कधी कळलंच नाही.

भैयालालला दवाखान्यात घेऊन जायची ती रेवा. काकांची एकुलती एक मुलगी. बापाचा उंच बांधा, आईचा आवाज. वडिलांनी मारलेल्या माणसांच्या घरी जाऊन विचारपूस करणं हे काम तिनं शाळेत असल्यापासून केलं होतं. काकांनी जगाला मारलं, तिला तोवर कधी बोट लावलं नव्हतं. तीही त्यांना घाबरत नसे, आणि मला वाटतं त्यांना याचाच अभिमान होता.

हा माणूस असा का, हे मी एकदा काकूंना विचारलं. भाजी निवडता निवडता त्यांनी सांगितलं. कारखान्यात लागण्याआधी काका मालाचा ट्रक चालवायचे. पावसात एका वळणावर ट्रकचं पुढचं चाक घसरलं. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तरी ट्रक वळला नाही, नाकासमोर भिंतीत गेला. डाव्या बाजूला त्यांचा जोडीदार बसला होता, लहानपणचा दोस्त. त्याला भिंत आणि बॉनेट यांच्यामधून काढायला गावकऱ्यांना फार वेळ लागला आणि तो सगळा वेळ तो शुद्धीवर होता. "तेव्हापासून पुढचं चाक," काकू म्हणाल्या. "झोपेतपण तेच." एवढं बोलून त्या मेथी धुवायला उठल्या.

रेवा पनागरच्या एका बँकेत लागली. रोज शहरातून जाऊन येऊन. तिनं वापरलेली छोटी कार घेतली. आधीच्या मालकानं हौसेनं तिला ते रुंद, बारमाही टायर बसवले होते. पावसाळा लागला तेव्हा पुढचे दोन पार संपलेले होते, मागचे अर्ध्यावर आले होते. दोनच नवे घ्यायचं ठरलं. त्या दिवशी मला गढ्यातल्या बाजारात काम होतं म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघाले, त्यामुळे टायरवाल्याच्या दुकानात जे झालं ते मी पाहिलं.

रेवा म्हणाली, नवे मागे लावू या आणि मागचे पुढे आणू या. काकांना वाटलं, ती चुकून बोलली. तिनं पुन्हा सांगितलं. गेल्या आठवड्यात पनागरच्या रस्त्यावर ओल्यात गाडीची मागची बाजू हलली होती. "पुढचं चाक घसरलं तर मला कळतं बाबा, हातात कळतं, पाय काढता येतो. मागचं घसरलं तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. ट्रकला मागे दुहेरी चाकं, वर माल. माझ्या गाडीचं मागे रिकामं आहे. ट्रकचा कायदा माझ्या गाडीला काहून लावता?"

 काकांचा चेहरा एकदम पांढरा झाला होता. मी तो बघत होते म्हणून मला हात दिसला नाही, फक्त आवाज आला. रेवाचा चष्मा उडून ग्रीसच्या डब्यापाशी पडला. दुकानात सगळे थांबले. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं ते तेवढं ऐकू येत होतं. रेवानं चष्मा उचलला, ओढणीनं पुसला, डोळ्यांवर चढवला. तिच्या गालावर पूर्ण पंजा उठला होता. "लावा पुढे," ती दुकानदाराला म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली.  परतीच्या वाटेत मला काकांचा राग येत होता आणि भीतीही वाटत होती. घरी उतरताना काकांनी तो उजवा हात पँटला पुसला, दोनदा.

अपघात झाला तो थोड्याच दिवसांनी, भर दुपारी. पनागरहून परत येताना, काकांना नको असायची तशा रिमझिमीत. वळणावर पाणी साचलं होतं. समोर एक गाय रस्त्यात आली. रेवानं ब्रेकवर पायही ठेवला नाही, नुसता वेग कमी करायला पाय उचलला आणि स्टेअरिंग जरा वळवलं. पुढच्या नव्या टायरांनी तिचं ऐकलं. मागच्यांनी सोडून दिलं. गाडी शेपटीकडून गोल फिरली आणि उजव्या बाजूनं, रेवा बसली होती त्या बाजूनं, पुलाच्या कठड्यावर जाऊन फुटली. शेतातून भाजी नेणाऱ्या लोकांनी दार वाकवून तिला काढलं. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. खुब्याचा चुरा झाला होता.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा काका नुकतेच आले होते, हातात टॉमी. दारातल्या गार्डनं अडवलं तर त्याला त्यांनी असं लोटलं की तो स्ट्रेचरसकट आडवा झाला. रेवाला शस्त्रक्रियेला न्यायची तयारी चालली होती. ते तिच्या उशाशी गेले आणि त्यांनी विचारलं, समोर कोणाची गाडी होती, कोणी दाबलं तुला, नंबर सांग. त्यांना एक माणूस हवा होता. तिथल्या तिथे, त्या क्षणी, कोणीही चाललं असतं.

"कोणी नव्हतं, बाबा," रेवा म्हणाली. ओठ कोरडे पडले होते तिचे. "मागून गेली."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला आत नेलं तरी ते त्या रिकाम्या जागेकडे बघत उभे होते.

चेंदामेंदा झालेली गाडी पोलीस चौकीच्या आवारात आणून टाकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिकडे गेले, सोबत म्हणून ह्यांना मी पाठवलं. ह्यांनी घरी येऊन सांगितलं ते असं. काकांनी आधी मागच्या टायरांवर हात फिरवला. मग पुढच्या. पुढचे कोरे होते, खाचांच्या कडासुद्धा धारदार. मग त्यांनी टॉमी उचलली आणि पुढच्या टायरवर घाव घालायला सुरुवात केली. आधी ह्यांना वाटलं, एखाद-दोन फटक्यांत राग निघेल. पण ते थांबेनात. पूर्ण ताकदीनं, दोन्ही हातांनी. आणि रबर तेवढ्याच ताकदीनं ती परत फेकत होतं. एकदा ती उसळून त्यांच्या तोंडावर आली, समोरचे दात गेले. तोंडातलं रक्त थुंकून ते पुन्हा मारायला लागले. शेवटी दोन हवालदारांनी त्यांना मिठी मारून खाली पाडलं. ह्यांना तो आवाज पुढे बरेच दिवस ऐकू येत होता.

रेवा बोलण्यासारखी झाली तेव्हा मी तिच्यापाशी बसले होते. काका आत आले, ओठ सुजलेले, खुर्ची ओढून बसायला लागले. तिनं त्यांना बसू दिलं नाही.

"ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांचे नवे टायर तुम्ही मारून मारून पुढे लावले, त्या सगळ्यांकडे जा," ती म्हणाली. "सगळे परत मागे लावून या. पावसाळा अजून संपला नाही. आणि हात न उचलता, बाबा. एकावर जरी हात टाकला तरी मला बाबा नाहीत."

एवढ्यावर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर कित्येक आठवडे ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. काका डबा घेऊन यायचे, ती काकूंच्या हातून घ्यायची.

काकांनी गावभर उलटी फेरी सुरू केली. आमची गाडी पहिली, कारण आम्ही शेजारीच राहत होतो आणि आम्हाला काहीच हरकत नव्हती. बाकीच्यांचं तसं नव्हतं. ज्यांना काकांनी झोडपून झोडपून नवे पुढे लावायला शिकवलं होतं, ते आता त्या कायद्यावर पक्के विश्वास ठेवून बसले होते. "काका, आपने ही तो बताया था," असं म्हणून त्यांना काकांचीच वाक्यं ऐकवायचे. काही जणांना मात्र इतक्या वर्षांनी संधी सापडली होती. ठेकेदारी करणाऱ्या एकानं त्यांना पायऱ्यांवरून ढकललं, कोपर सोलवटून निघालं. एकानं कुत्रं सोडलं. म्हाताऱ्याला आता चळ लागला, पोरीच्या दुःखानं डोकं फिरलं, असं लोक त्यांच्या तोंडावर बोलायला लागले. जबलपूरमध्ये त्यांच्या तोंडावर बोलणारा माणूस मी याआधी पाहिला नव्हता.

त्या दिवसांत त्यांना एक नवी सवय लागली. कोणाच्या दारात उभे राहिले की उजवा हात आधी पँटच्या खिशात घालायचे आणि मग बोलायचे. खिशातली मूठ वळलेली बाहेरून दिसायची. एका दारातून झालं नाही तर दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. कोणी तयार झालं की भर पावसात रस्त्यावर बसून जॅक लावायचे, स्वतः चाकं बदलायचे.

भैयालालकडे गेले तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानात होते. काका हात खिशात घालून बोलत होते. भैयालालनं त्यांचं सगळं ऐकल्यासारखं केलं आणि मग मान वळवून दुसरा कान पुढे केला. "इधर से बोलिए दादा," तो म्हणाला. "उधर वाला तो आप ले गए." काकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या कानात, सावकाश.  भैयालालनं व्हॅनची चावी त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि आत निघून गेला. काका चाकं बदलून, चावी ओट्यावर ठेवून परत आले. त्या संध्याकाळी ते फाटकाशी बसून रडत होते. मी खोटं का सांगू, त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, आणि भैयालालच्या कानाबद्दल वाटलं त्यापेक्षा ते कमी नव्हतं.

सगळ्यात शेवटी उरला तो लग्नातला नवरदेव. तो आता नोकरीसाठी जबलपूरला आला होता, विजय नगरमध्येच राहत होता. त्यानं काकांसाठी दार उघडलंच नाही. काका रोज जात आणि तो रोज खिडकीतून बघून पडदा ओढे.

आमची बदली झाली होती, सामान बांधून व्हायचं होतं. त्या आठवड्यात रेवाला व्यायामाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणायचं काम मी घेतलं होतं. ऑटोत ती आडवी काठी धरून बसायची, मी तिच्या शेजारी. परत येताना विजय नगरच्या चौकात पावसामुळे गाड्या तुंबल्या होत्या. आमच्या थोडं पुढे एक पांढरी गाडी, आणि तिच्या मागच्या चाकाशी काका वाकलेले. नवरदेव दार आपटून उतरला. इतक्या गर्दीत, भोंग्यांच्या आवाजातही त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. सगळ्या वऱ्हाडासमोर मारलं होतं मला, तो म्हणत होता, सगळ्यांसमोर. काका उठून उभे राहिले, आणि त्यानं त्यांच्या गालावर ठेवून दिली.

काकांचा हात खिशातून बाहेर आला. वर गेला. चौकातली निम्मी माणसं त्या हाताला ओळखत होती, ती सगळी मागे सरली. रेवा माझ्या शेजारी पुढे झुकली होती, तिनं काठी इतकी घट्ट धरली होती की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. हात वर तसाच राहिला, कितीतरी वेळ. मग काकांनी तो खाली आणला आणि खिशात घातला.

"अजून एक मार," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द बोबडे येत होते. "पण मागचे बदल बेटा. मागे तुझी पोरगी बसते."

गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी बाहेर बघत होती. नवरदेवाचा हात पुन्हा उठला होता, तो तसाच उतरला. तेवढ्यात त्याची बायको, तीच ती रडायची थांबलेली नवरी, पावसात उतरली. ती मागच्या चाकाशी बसली, टायरवर तळहात फिरवला आणि नवऱ्याकडे बघितलं. चलो, आज ही करवा लेते हैं, असं काहीतरी ती म्हणाली. त्यानं मान हलवली. काकांकडे न बघता, पण हलवली.

काका तिथेच उभे राहिले, भिजत. मग त्यांना आमची ऑटो दिसली. ते जवळ आले नाहीत. रेवानं त्यांच्याकडे बघितलं, आडवी धरलेली काठी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या बाजूला सरकली. सीटवर एका माणसापुरती जागा झाली.  काका येऊन बसले. ओल्या कपड्यांचा आणि रबराचा वास आला. गालावर पाची बोटं उठली होती.

"राहिलं कोणी?" रेवानं समोर बघत विचारलं.

"हा शेवटचा."

गाड्या हलल्या. चौकाच्या पुढे वळणावर पाणी साचलं होतं, ऑटोवाल्यानं वेग कमी केला नाही आणि ऑटोचा मागचा भाग जरासा बाहेर फेकला गेला. अगदी जरासा. पण अपघातानंतर रेवाला तेवढंही सहन होत नसे. तिनं डोळे मिटले आणि हाताला जे लागलं ते गच्च पकडलं. तो काकांचा उजवा हात होता. घर येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.